दसऱ्याला द्यायचे जोडे

८ डिसेंबर २०२४, रविवार. सास्तूर

मला सहा जोडे हवेत. सहाच. चालायला नकोत, कुणाच्या पायात जायला नकोत. टेबलावर ठेवायचे, लोकांनी बघायचे, बस. एवढी साधी गोष्ट दादामियाँचाचांच्या गळी उतरवण्यात आज माझे तीन तास गेले आणि शेवटी हात टेकून घरी आले.

हे सगळं कशासाठी चाललंय ते आधी लिहून ठेवते, म्हणजे पुढं डोकं फिरलं की वाचता येईल. चार वर्षं मी कॉलेजात तासिका तत्त्वावर प्राचीन इतिहास शिकवतेय. दर जूनला नवा अर्ज, नवी मुलाखत, तीच माणसं, तेच प्रश्न. आता धाराशिवच्या एका ट्रस्टला छोटं संग्रहालय काढायचंय आणि त्यांना कायमचा संग्रहपाल हवाय. ट्रस्टच्या गायत्री मॅडम म्हणाल्या, आधी एक प्रदर्शन करून दाखवा, तुमच्याच गावात, तुमच्याच विषयावर. माझा विषय प्राचीन लोक आणि त्यांची पादत्राणं. ३ फेब्रुवारीला मॅडम स्वतः बघायला येणार. पसंत पडलं तर जागा माझी.

जोडे असे: आर्मेनियातल्या गुहेत सापडलेला, साडेपाच हजार वर्षांपूर्वीचा, एकाच कातड्याचा. इजिप्तची सपाट चप्पल. हित्ती लोकांचा, टोक वर वळलेला. रोमन शिपायाचा खिळ्यांच्या तळाचा, ज्याला कॅलिगा म्हणतात. कुशाण राजाचे जाड बूट. आणि बौद्ध भिक्खूची एकपदरी वहाण. आपल्या सातवाहनांचा घेता आला नाही. इथं तेरला केवढा व्यापार, रोमपर्यंत संबंध, आणि त्या काळातली शिल्पं बघावीत तर बहुतेक सगळे अनवाणी. पायात वाळे आहेत, वहाण नाही. कामाचं काही मागं ठेवायचंच नाही असं आपल्या लोकांनी तेव्हाच ठरवलेलं दिसतं.

हातानं जोडा शिवणारा माणूस आमच्या भागात एकच उरलाय, दादामियाँचाचा. वय ऐंशीच्या पुढं, स्टँडजवळ टपरी. मी चित्रं दाखवली. त्यांनी एकेक नीट बघितलं आणि विचारलं, "पाय कुणाचा?"

"कुणाचाच नाही चाचा. नुसतं प्रदर्शनासाठी."

"पाय नसंल तर माप कशाचं घिऊ?"

"आठ नंबर धरा ना."

"आठ नंबर म्हंजे माणूस हाय का बेटी? पाय आन. कागदावर ठिवू दे. मंग शिवतो."

मी माझाच पाय पुढं केला. तर म्हणे, ह्यातलं एक तरी तुला घालायचंय का? नाही म्हटलं. "मंग नगं," म्हणाले आणि कातडं कापायच्या रापीला धार लावायला लागले.

११ डिसेंबर, बुधवार

परत गेले. परत तेच. पाय कुणाचा, पाय कुणाचा. शेवटी माझा तोल गेला आणि मी भर स्टँडवर ओरडले, "चाचा, ही माणसं मेलीत! कधीच मेलीत! मेलेल्यांचे पाय मी कुठून आणू?"

चहाच्या हॉटेलातली दोन-चार डोकी वळली. चाचांनी हातातली रापी खाली ठेवली. मग अगदी हळू म्हणाले, "मेलेल्यांचे जोडे करायचेत व्हय? आधी सांगायचं न्हाय का. त्यांची मापं हायत माझ्याकडं."

सुटले बाई! कसली का मापं असेनात, काम तर सुरू होतंय. त्यांचा विचार बदलायच्या आत मी चित्रं त्यांच्या हातात कोंबली. निघताना त्यांनी विचारलं, "साच ना?" हो म्हटलं. "सा म्हंजे लई कमी झाले," म्हणाले. रविवारी एकही करायचा नव्हता, आज सहा कमी पडतात. या माणसापुढं काय बोलायचं?

१५ डिसेंबर, रविवार

जेवताना अप्पांना सांगितलं की दादामियाँचाचा तयार झाले. माझे वडील महालिंगप्पा कशालाच काही बोलत नाहीत. आईनं विचारलं, "मापं कुणाची घेत्यात?" मी म्हटलं, असतील त्यांच्याकडं पडलेली जुनी. अप्पांचा हात ताटात थांबला. अर्धी भाकरी तशीच टाकून ते उठले. "तब्येत बरी न्हाय त्यांची," आई म्हणाली. दुपारी तर ठणठणीत होते, तुरीत राबून आले होते.

अप्पांशी बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं. मला जे माहीत आहे ते सगळं आत्याकडून. १९९३च्या भूकंपात अप्पांची पहिली बायको आणि सहा वर्षांची मुलगी गेली. अप्पा त्या रात्री शेतात वस्तीला होते म्हणून राहिले. मग आईशी लग्न, मग मी. त्या मुलीचं नाव शिवप्रिया. मी शिवानी. अप्पांच्या तोंडून ते नाव मी एकदाही ऐकलेलं नाही. तिचा फोटोसुद्धा नाही, सगळं दगडमातीखाली गेलं. गाव नव्यानं बांधलं, घरं एका रांगेत, एका मापाची, आणि त्या पहाटेबद्दल बोलायचं नाही असं सगळ्यांनी जणू मिळून ठरवलं. मी इतिहासाकडं वळले ती बहुधा या गप्पगप्पपणाला कंटाळूनच. हित्ती लोक निदान प्रश्न विचारल्यावर ताटावरून उठून जात नाहीत.

२४ डिसेंबर, मंगळवार

पहिला जोडा झाला, आर्मेनियाचा. काम इतकं सुंदर की दोन मिनिटं मी नुसती हातात घेऊन बसले. एकाच कातड्यात पाय गुंडाळावा तसा जोडा, वरून वादी ओवलेली.

मग मापपट्टी लावली आणि कपाळाला हात लावला. मूळ जोडा साडेचोवीस सेंटिमीटर. चित्रावर मी लाल पेनानं लिहून दिलंय, खाली दोन रेघा ओढल्यात. हा बावीससुद्धा भरत नाही. वर उजव्या जोड्याला करंगळीपाशी फुगवटा.

"चाचा, हा फुगवटा कसला?"

"तिची करंगळी भायर व्हती."

"कुणाची?"

"जिचा जोडा हाय तिची."

गुहेत सापडलेल्या जोड्याच्या मालकिणीची करंगळी यांना कशी माहीत? तो जोडा बाईचा होता की पुरुषाचा हेच जगातल्या तज्ज्ञांना अजून ठरवता आलेलं नाही आणि सास्तूरच्या स्टँडवर ते ठरलेलं आहे! चाचांची सून रुबिनाभाबी चहा घेऊन आली. म्हणाली, "अब्बाला बोलू नगा ताई. लग्न होऊन आल्यापास्नं म्या त्यांना असं काम करताना बघितलं न्हाय. हाक मारली तरी ऐकू जात न्हाय." मी म्हटलं, मला पण तोच अनुभव येतोय.

३० डिसेंबर, सोमवार. येळवस

वेळ अमावस्या म्हणून सगळं गाव शेतात. आज कुणाला कामाचं काही विचारायची सोय नाही. भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे खाऊन माझं पोट तट्ट फुगलंय. अप्पांनी दरवर्षीसारखं दादामियाँचाचांना बोलावलं होतं. मी ठरवून बसले होते की जेवण झालं की त्यांना मापांचं पुन्हा समजावायचं. पण जेवण झाल्या झाल्या दोघं उठून कडब्याच्या कोपीमागं जाऊन बसले.

मी पाणी द्यायच्या निमित्तानं गेले. चाचा दोन हातांत अंतर धरून अप्पांना काहीतरी दाखवत होते, वीतभराहून कमी. अप्पा त्या दोन हातांच्या मधल्या रिकाम्या जागेकडं बघत होते. बराच वेळ बघितलं आणि मान हलवली. मला बघून दोघंही गप्प. ज्वारीच्या कणसाचा विषय असणार, यंदा कणसं आखूडच आहेत. पण कणसाचं बोलायला एवढं लपून बसायला कशाला पाहिजे?

आईला विचारलं तर म्हणाली, "बसू दे त्यांना." या घरात प्रश्न विचारायची सोय नाही.

९ जानेवारी २०२५, गुरुवार

आज मी खरंच रडकुंडीला आले. रोमन शिपायाचा जोडा झाला. रोमन शिपाई! चिलखत, ढाल, भाला, वीस-वीस मैल कूच. त्याच्या जोड्याची लांबी सतरा सेंटिमीटर!

जाळीदार पट्टे चित्रातल्यासारखे, तळाला खिळे बरोबर संख्येनं ठोकलेले. फक्त माणूस पहिलीतला.

"चाचा, हे काय केलंत? शिपायाचा आहे हा. मोडा आणि परत करा."

"ह्यो मोडायचा न्हाय."

"मग दुसरा करा."

"करतो की. पर ह्यो ऱ्हाणार. ह्यो पयला करायचा व्हता, हात धजावला न्हाय म्हणून थांबलो व्हतो."

त्यांच्या बसायच्या पोत्याशेजारी पत्र्याची पेटी उघडी होती. आत पिवळे पडलेले कागद, वर्तमानपत्राचे, सिमेंटच्या पोत्याचे, आणि प्रत्येकावर पेन्सिलीनं काढलेला पाय. नुसत्या बाह्यरेषा. माझे डोळे लकाकले. असा दस्तऐवज कुठल्या संग्रहालयात नसेल! एक उचलायला गेले तर चाचांनी झाकण लावलं. "तुमची गिऱ्हाइकं का ही?" विचारलं. व्हय म्हणाले. जोडा नेला की माप फाडून टाकायचं, ही त्यांची पद्धत. नेलेला नाही त्याचंच माप पेटीत राहतं. म्हणजे आयुष्यभराची नोंद या माणसानं स्वतःच्या हातानं फाडली! माझा संताप संताप झाला.

"निदान यांच्यावर नावं तरी लिहायची. तारखा तरी घालायच्या."

"नावं ठावं हायत मला. तारीख समद्यांची एकच हाय."

अख्ख्या पेटीची मापं एकाच तारखेला कशी घेतील? वय झालंय, दुसरं काय. मी पेटी प्रदर्शनाला मागितली. नाही म्हणाले. मी तो चिमुकला रोमन शिपाई तसाच टाकून निघून आले.

२१ जानेवारी, मंगळवार

सहाही झाले. एकाचंही माप बरोबर नाही. हित्ती जोडा डाव्या अंगठ्यापाशी वाकडा, इजिप्तची चप्पल एवढी अरुंद की काडी, कुशाण बूट मात्र एवढे मोठे की त्यात कोंबडी अंडी घालेल. शिपायाचा मोठा जोडा करून द्यायला वेळच उरला नाही म्हणे. तो सतरा सेंटिमीटरचाच मांडायचा.

पण आज आंघोळ करताना मला सुचलं! कॅलिगुला! रोमचा तो सम्राट लहानपणी बापाबरोबर सैन्याच्या छावणीत वाढला. त्याला शिपायासारखा पोशाख आणि चिमुकल्या कॅलिगा घालायचे, म्हणून शिपायांनी लाडानं ठेवलेलं नाव ते कॅलिगुला. म्हणजे लहान कॅलिगा ही चूक नाहीच, ती माझी कल्पकता! लगेच कार्ड लिहिलं: "बाल कॅलिगुलाचा जोडा, रोम, पहिलं शतक." इतक्या दिवसांत पहिल्यांदा दोन घास नीट गेले.

जेवताना उत्साहानं सांगितलं, "अप्पा, तो लहान जोडा आहे ना, तो राजपुत्राचा निघाला."

"राजपुत्राचा न्हाय त्यो," अप्पा म्हणाले.

मी चाटच पडले. पादत्राणांच्या इतिहासावर अप्पांचं मत! "मग कुणाचा?" म्हटलं. आईनं माझ्याकडं असं बघितलं की जणू मी काही वाईट बोलले. अप्पा हात धुवायला उठले.

१ फेब्रुवारी, शनिवार

शाळेच्या वर्गात मांडणी केली. सहा टेबलं, सहा कार्डं, भिंतीवर नकाशा. अप्पा न सांगता आले, खोली झाडली, खिडक्या पुसल्या. मग त्या लहान जोड्यासमोर जाऊन उभे राहिले आणि हात पुढं केला. "अप्पा, हात नाही लावायचा," मी पाटीकडं बोट दाखवलं. पाटी मीच लिहिली होती, मोठ्या अक्षरांत: हात लावू नये. अप्पांनी हात मागं घेतले, पाठीशी बांधले आणि तसेच उभे राहिले. पंधरा मिनिटं. मला त्या जागी दिवा लावायचा होता, शेवटी सांगावं लागलं, जरा बाजूला व्हा.

उद्या गावासाठी उद्घाटन, परवा मॅडम. दोन दिवस सगळं सुरळीत जाऊ दे, एवढंच मागणं आहे.

२ फेब्रुवारी, रविवार

कुठून सुरुवात करू कळत नाही. जसं झालं तसं लिहिते.

दहाला दार उघडलं. मला वाटलं शाळेची मुलं येतील. आली सगळी म्हातारी माणसं, धुतलेल्या कपड्यांत, बाया डोक्यावर पदर घेऊन. दादामियाँचाचा पेटी मांडीवर घेऊन दाराशी खुर्चीत बसले होते. कुणी कार्ड वाचलं नाही, कुणी नकाशाकडं बघितलं नाही. आमच्या मागच्या रांगेतल्या धुरपदाबाई सरळ हित्ती जोड्यापाशी गेल्या आणि तो उचलला.

"मावशी, हात लावू नका!"

"माझ्या मालकाचा जोडा हाय. म्या हात लावू नगं तर कुणी लावायचा?"

मी म्हटलं, मावशी, हा तीन हजार वर्षांपूर्वीच्या हित्ती लोकांचा आहे. त्यांनी ऐकलंसुद्धा नाही. जोड्यात हात घालून आतून चाचपला. डाव्या अंगठ्यापाशी बोटं थांबली. "ह्यो बग. कुळवाची लोखंडी फास पायाला लागली व्हती, तवापास्नं हाड असं भायर आलं व्हतं." मग दाराकडं वळून ओरडल्या, "दादामियाँ, म्होरं ही चोच कशाला काढलीय?"

"पोरीनं चित्र तसं दिलं," चाचा म्हणाले.

"माझा मालक चोचीचं पायतान घालून हिंडला असता व्हय?" त्या हसल्या. हसता हसता जोडा पदराखाली घेतला आणि तिथंच खाली बसल्या. चाचांनी पेटीतून एक कागद काढला, त्यांना दाखवला आणि फाडला.

मी तेव्हाही ओरडतच होते, हे लिहायला लाज वाटते. प्रदर्शन आहे, नेता येणार नाही, उद्या मॅडम येणार आहेत. माकणीहून मोटारसायकलवर आलेल्या एका माणसानं कुशाण बूट छातीशी धरले. ते त्याच्या थोरल्या भावाचे. करंगळी बाहेर असलेल्या बाईची लेक आली होती, आता तिचेच केस पांढरे. तिनं आर्मेनियाचा जोडा कपाळाला लावला. भिक्खूची वहाण एका म्हाताऱ्या गुरुजींनी बायकोसाठी नेली. प्रत्येकाला चाचांनी कागद दाखवला आणि फाडला. इजिप्तची चप्पल रुबिनाभाबीनं उचलून ओढणीत गुंडाळली. ती तिच्या सासूची, सकिनाबींची. "घरच्या बाईचा जोडा कायम मागं पडतोय," चाचा म्हणाले. तो कागद मात्र त्यांना लवकर फाडता येईना.

खोली रिकामी झाल्यावर मी त्यांच्यापुढं जाऊन बसले. मला तोपर्यंत कळलं होतं. तरी त्यांनी सांगितलं, माझ्यासारख्या माणसाला समजावं म्हणून सावकाश सांगितलं. भूकंपाच्या साली दसऱ्याचे जोडे म्हणून अडतीस जणांची मापं घेतली होती. दसऱ्याच्या आधी माणसंच गेली. ढिगाऱ्यातून पेटी तेवढी निघाली. "जोडा दिल्याबिगर कागद फाडता येत न्हाय. आन पायाबिगर जोडा शिवता येत न्हाय. मंग तू आलीस. म्हणलीस, मेलेल्यांचे पायजेत. मला वाटलं, तुला महालिंगप्पानं धाडलंय."

तारीख समद्यांची एकच. एकतीस वर्षं माझं सगळं गाव ती तारीख अंगावर घेऊन फिरतंय, आणि मी त्या माणसाला विचारलं की तारखा का घातल्या नाहीत. मला साडेपाच हजार वर्षांपूर्वीच्या जोड्यात कोंबलेलं गवतसुद्धा माहीत आहे, आणि ही तारीख मला ओळखता आली नाही.

लहान जोडा टेबलावर राहिला होता. अप्पा त्याच्यासमोर उभे होते, हात पाठीशी बांधलेले. माझी पाटी तिथंच होती.

"शिवप्रियाचा हाय," अप्पा म्हणाले. त्यांच्या आवाजात ते नाव कसं येतं हे मी आज ऐकलं. "मंगळवारी माप दिलं. पेन्सिल फिरली की गुदगुल्या व्हायच्या तिला. तीनदा कागद बदलला दादामियाँनी, तीनदा हसली."

मी पाटी काढून टाकली. म्हटलं, अप्पा, घ्या ना. घेऊन चला घरी.

"उद्या तुझ्या मॅडम यायच्यात. एक तरी ऱ्हाऊ दे टेबलावर. एकतीस वर्सं थांबलोय. एक दिसानं काय व्हतंय?"

आम्ही दोघांनी मिळून खोली झाडली.

३ फेब्रुवारी, सोमवार

सकाळपासून डोक्यात एकच चाललं होतं. पाच टेबलं रिकामी, त्याचं काय सांगायचं? जोडे दुरुस्तीला दिलेत, आठ दिवसांत परत येतील. हे वाक्य मी आरशासमोर तीनदा म्हणून बघितलं. कॅलिगुलाचं कार्ड जागेवर होतं.

मॅडम अकराला आल्या. अप्पा धुतलेलं धोतर नेसून दाराशी उभे होते, ओळख करून दिली तर नुसता नमस्कार केला. मॅडम सरळ लहान जोड्यापाशी गेल्या, कार्ड वाचलं, जोडा उचलला आणि खुलल्या. "अरे वा! कॅलिगुला! किती कल्पक! सगळे शिपायाचा मोठा जोडा ठेवतात, तुम्ही मुलाचा ठेवलात. आणि हे काम कुणी केलं? अप्रतिम आहे. बाकीचे कुठंयत?"

एवढं सोपं होतं. नुसतं हो म्हणायचं होतं, दुरुस्तीचं वाक्य म्हणायचं होतं आणि दर जूनचा तो अर्ज कायमचा संपला असता. अप्पा माझ्याकडं बघत नव्हते. खिडकीबाहेर बघत होते, मला सोपं जावं म्हणून.

मी कार्ड उचलून खिशात घातलं. म्हटलं, "हा कॅलिगुलाचा नाही मॅडम. शिवप्रियाचा आहे. माझी मोठी बहीण. वय सहा. भूकंपात गेली. बाकीचे पाच ज्यांचे होते त्यांच्या घरी गेले. परत येणार नाहीत."

मग सगळं सांगितलं. मॅडमनी जोडा हळूच होता तसा ठेवला. म्हणाल्या, "म्हणजे प्रदर्शनात दाखवायला आता काहीच नाही?"

"नाही."

"पेटी मिळेल का? ते कागद?"

"कागद जोडा दिला की फाडायचे असतात."

"कळवते," म्हणाल्या. मग गाडीत बसल्या. कळवते म्हणजे काय ते मला चार वर्षांच्या अनुभवानं कळतं. फाटकाशी मला जागेचं फार वाईट वाटलं. खोटं कशाला लिहू? अजूनही वाटतंय.

तिथून टपरीवर गेले. म्हटलं, चाचा, उरलेले बत्तीस आता साधे शिवा, आपल्या पद्धतीचे. "साधे कशाला?" म्हणाले. "धुरपदाबाई सांगती समद्यांला, चोच लई झाक दिसती. तू चित्रं आन." बत्तीस प्राचीन लोक मी आता कुठून काढू? जगाच्या इतिहासात एवढ्या तऱ्हेचे जोडे आहेत का, तेच आधी बघायला पाहिजे. उद्यापासून त्याच्या मागं लागते.

संध्याकाळी अप्पांनी लहान जोडा दोन्ही हातांत धरून घरी आणला. आईला काय वाटेल? आईनं तो त्यांच्या हातातून घेतला, पदरानं पुसला आणि उंबऱ्याबाहेर आमच्या तिघांच्या चपलांच्या रांगेत, माझ्या चपलेशेजारी ठेवला.

मी म्हटलं, "आई, बाहेर काय ठेवतेस? आत ठेव ना. देवळीत ठेव."

आई म्हणाली, "पायतान आत कोण आणतंय, शिवानी? माणूस घरात आलं की पायतान भायरच ऱ्हातंय."